सौम्य मस्टर्ड घरच्या घरी: मोहरीची डाळ, सांगलीची हळद आणि थोडा धीर

अमेरिकन मस्टर्डच्या बाटलीतला पिवळाधमक रंग मोहरीचा नसतो, हळदीचा असतो. १९०४ साली सेंट लुईसच्या जागतिक प्रदर्शनात ‘फ्रेंच्स’ या अमेरिकन कंपनीनं आपलं सौम्य मस्टर्ड लोकांपुढं आणलं, तेही हळदीनंच पिवळं केलेलं. सांगलीसारख्या हळदीच्या बाजारपेठेत राहून आपण ती महागडी बाटली मॉलमधून आणतो, याचं मला हसू येतं. हळद इथली, गूळ आणि काकवी इथली, मोहरीची डाळ गणपती पेठेत सुटी मिळते. राहता राहिलं व्हिनेगर, आणि ते कोपऱ्यावरच्या दुकानातही असतं.

कृतीकडं वळण्याआधी एक गोष्ट पक्की ध्यानात घ्या. सौम्य मस्टर्ड करायचं तर मोहरी आधी पुरती जहाल होऊ द्यावी लागते. झणका पूर्ण आला की मगच तो उडवायचा. सुरुवातीलाच दाबायला गेलात तर हाती लागतं ते कडू मस्टर्ड.

झणका येतो कुठून

मोहरीचा कोरडा दाणा जिभेवर ठेवला तर काहीच कळत नाही. दाताखाली फुटून त्याला ओल लागली की मग तो बोलतो. दाण्यात सिनिग्रिन नावाचं कडवट द्रव्य असतं आणि त्याच्यापासून वेगळं ठेवलेलं मायरोसिनेज नावाचं एन्झाइम असतं. दाणा फुटून पाणी मिळालं की दोघांची गाठ पडते आणि त्यातून अलाइल आयसोथायोसायनेट तयार होतं. ते हवेत सहज उडतं, म्हणून जिभेपेक्षा नाकाला आधी झोंबतं. लोणच्यासाठी मोहरी फेसणाऱ्या आयाबायांना रसायनांची नावं ठाऊक नसली तरी हे सगळं ठाऊक असतं. पाट्यावरून तोंड बाजूला करून त्या मोहरी फेसतात ते उगीच नाही.

या झणक्याचे लगाम तीन. पहिला उष्णता: कडक आचेत एन्झाइम मरतं. फोडणीत तडतडलेली मोहरी खमंग लागते, झोंबत नाही, ती यामुळंच. दुसरा आंबटपणा: व्हिनेगर किंवा लिंबू पडलं की एन्झाइम मंदावतं, पण तोवर तयार झालेला झणका मात्र धरून ठेवला जातो. तिसरा वेळ: गार पाण्यात कालवलेली मोहरीची पूड दहा-पंधरा मिनिटांत ऐन भरात येते आणि नुसत्या पाण्यात तशीच ठेवली तर हळूहळू उतरत जाते.

आता कडवटपणाचं कोडं सुटेल. पुडीवर थेट उकळतं पाणी ओतलं तर एन्झाइम मरतं आणि कडू सिनिग्रिन आहे तसं मागं राहतं. पहिल्या मिनिटालाच व्हिनेगर ओतलं तरी थोडंफार तेच होतं. म्हणून क्रम असा: गार पाणी, मग थांबणं, मग शिजवणं, आणि शेवटी आंबट.

मोहरी कुठली घ्यायची

माझं मत सरळ मोहरीच्या डाळीच्या बाजूनं आहे. लोणच्याच्या हंगामात पोत्यानं येते तीच ती सोललेली, फुटकी, पिवळसर डाळ. ही आपल्या तपकिरी मोहरीचीच असते. फ्रान्समधलं दिजाँ मस्टर्डही तपकिरी किंवा काळ्या मोहरीचंच करतात, त्यामुळं जातीच्या बाबतीत आपण काही कमअस्सल घेत नाही आहोत. सालं आधीच गेलेली असल्यानं मस्टर्ड गुळगुळीत होतं आणि काळे ठिपकेही दिसत नाहीत.

दुकानदार ‘पिवळी मोहरी’ म्हणून देतो ती बहुतेक वेळा पिवळी सरसों असते. अमेरिकन मस्टर्डमधली पांढरी मोहरी वेगळ्या जातीची. तिचा तिखटपणा जिभेवरच राहतो, नाकात चढत नाही, त्यामुळं ती मुळातच सौम्य. आपल्याकडची मोहरी तशी नाही, तिला शिजवूनच वठणीवर आणावं लागतं. पिवळी सरसों वापरायला हरकत नाही, पण तिच्या भरवशावर शिजवणं टाळू नका.

अख्खी मोहरी घेऊन घरी दळणार असाल तर आधी ताटात पसरून नीट निवडा. पिवळ्या धोतऱ्याचं बी मोहरीसारखंच दिसतं आणि हा धोतरा आपल्याकडं बांधावर, रस्त्याकडेला हवा तितका असतो. त्याचं तेल विषारी, पायांना सूज आणणारं आहे. १९९८ साली दिल्लीत भेसळीच्या मोहरीतेलानं लोक दगावले होते ते याच बियांमुळं. ओळख सोपी आहे: मोहरीचा दाणा गुळगुळीत, फोडला की आत पिवळा. धोतऱ्याचं बी काळं, खरखरीत आणि आत पांढरं. डाळीत हा फरक कळत नाही, म्हणून डाळ नेहमीच्या, खात्रीच्या दुकानातून घ्यावी. वासाला खवट असेल तर परत करावी. मोहरीत तेल भरपूर असतं आणि सोललेली डाळ लवकर खवट होते.

बाकीचं सामान

१०० ग्रॅम मोहरीच्या डाळीला २०० मिली गार पाणी, १०० मिली पांढरं व्हिनेगर, सव्वा चहाचा चमचा मीठ, अर्धा चमचा हळद, एक मोठा चमचा किसलेला गूळ आणि एक चहाचा चमचा तांदळाची पिठी. लसूण घालायची तर एकच पाकळी, वाटून. यातून साधारण एक मध्यम बरणी भरते.

पिठी बघून नाकं मुरडू नका. मोहरीला दाटपणा देणारा चिकट अंश सालात असतो आणि आपण सालं काढलेली डाळ घेतोय. इंग्लंडच्या कोलमन्सच्या तयार मस्टर्डमध्येही गव्हाचं पीठ असतं आणि ती कंपनी १८१४ पासून हाच धंदा करते आहे. पिठी नसली तर मस्टर्डला पाणी सुटतं एवढंच.

हळद सांगलीचीच हवी असा माझा हट्ट आहे. २०१८ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं. हरिपूरला जमिनीखालच्या पेवांत हळद साठवायची पद्धत होती, तिच्या गोष्टी जुन्या व्यापाऱ्यांकडून ऐकाव्यात. पण हट्ट राजापुरी हळदीचा असो वा सेलम हळदीचा, अर्ध्या चमच्यावर जाऊ नका. जास्त झाली की मस्टर्डला कच्च्या हळदीचा मातकट वास येतो आणि तो नंतर जात नाही.

व्हिनेगरच्या बाटलीवर आम्लाचं प्रमाण बघा, ४ टक्के किंवा जास्त असावं. उसाचं किंवा सफरचंदाचं मिळालं तर चव गोलाई धरते. लिंबाचा रस ताज्या वापराला झकास, पण बरणीत आठवडाभर राहिला की त्याचा वास बदलतो.

इथं तासगावकडच्या द्राक्षबागायतदार वाचकांच्या मनात एक कल्पना हमखास येणार. १८५६ साली दिजाँच्या झाँ नेजों यांनी मस्टर्डमध्ये व्हिनेगरऐवजी हिरव्या, कच्च्या द्राक्षांचा आंबट रस घातला आणि त्या गावाचं मस्टर्ड मऊ चवीसाठी गाजलं. आपल्याकडं विरळणीत, म्हणजे घडातले जादा मणी काढताना, कच्चे मणी टोपलीनं पडतात, मग ते का नकोत? तर त्या मण्यांवर डाऊनी-भुरी या बुरशीच्या रोगांची औषधं आणि डिपिंगची, म्हणजे घड बुडवून द्यायची, वाढीची संजीवकं नुकतीच बसलेली असतात. माल काढणीआधी फवारणी थांबवून जो अवधी पाळतात, तो त्यांच्या वाट्याला आलेलाच नसतो. घरच्या मांडवावर एखादा बिनफवारणीचा वेल असेल तर त्याचे आंबट मणी चेचून, गाळून जरूर वापरा. बागेतले नकोत.

द्राक्षाची हौस बेदाण्यानं भागवता येते आणि चांगली भागते. गुळाऐवजी ३० ग्रॅम बेदाणे त्याच १०० मिली व्हिनेगरमध्ये दोन तास भिजत घाला आणि व्हिनेगरसकट वाटून घ्या. सांगलीच्या बेदाण्यालाही २०१६ पासून मानांकन आहे. रंग थोडा तपकिरी येतो, चव मात्र गुळाच्या मस्टर्डपेक्षा खोल. वापरण्याआधी बेदाणे कोमट पाण्यानं धुवायचे.

कृती

डाळ भाजू नका. भाजली की एन्झाइम गेलं आणि सगळा खटाटोप वाया. मिक्सरच्या छोट्या भांड्यात थांबत थांबत, दोन-दोन सेकंदांच्या झटक्यांनी दळा. सलग फिरवलं तर तेल सुटून पुडीचे गोळे होतात. बारीक चाळणीनं चाळा, वर राहिलेली भरड पुन्हा फिरवा. थोडी राहिलीच तर ती लोणच्याच्या मसाल्यात जाते.

स्टीलच्या जाड बुडाच्या पातेल्यात पूड घ्या. ॲल्युमिनियम, पितळ, तांबं नको, पुढं आंबट पडणार आहे. माठातलं गार पाणी थोडं थोडं घालत गुठळ्या मोडा, झाकण ठेवा आणि पंधरा मिनिटं हात लावू नका. झाकण काढताना तोंड लांब ठेवा. वास नाकात शिरून डोळ्यांत पाणी आलं तर सगळं ठीक चाललंय. वासच आला नाही तर डाळ जुनी किंवा भाजलेली होती. ती पुढं शिजवण्यात अर्थ नाही.

आता खिडक्या उघडा, एक्झॉस्ट फॅन लावा. घरात दम्याचं कुणी असेल तर त्यांना थोडा वेळ बाहेर बसवा, वाफ खरंच झोंबते. पातेल्यात मीठ, हळद, लसूण आणि दोन चमचे पाण्यात कालवलेली पिठी घालून पातेलं बारीक गॅसवर ठेवा. उकळी फुटू द्यायची नाही, कडेनं बारीक बुडबुडे येत राहिले की पुरे. बुडाला लागतं, म्हणून लाकडी चमच्यानं ढवळत राहा. घट्ट होऊन फुटू लागलं तर पाण्याचा हबका मारा. वीस मिनिटांनी थेंबभर बशीत काढून, गार करून चाखा. झणका निम्म्यावर आलेला असेल, पण चव अजून उग्र आणि थोडी कडसर. घाबरू नका.

यानंतर व्हिनेगर आणि गूळ घाला आणि आणखी आठ-दहा मिनिटं तसंच बारीक आचेवर ठेवा. आच बंद करताना मस्टर्ड तुम्हाला हवं त्यापेक्षा थोडं पातळ असावं, गार झाल्यावर ते आळतं. कोमट झालं की मिक्सरमध्ये एकदा फिरवा आणि हवं असेल तर पिठाच्या चाळणीतून दाबून काढा. मी हे गाळणं फक्त पाहुणे येणार असतील तर करते. घरच्या सँडविचला थोडी कणीदार मोहरीच बरी.

उकळत्या पाण्यातून काढून कोरड्या केलेल्या काचेच्या बरणीत भरा. झाकण प्लास्टिकचं असावं, लोखंडी झाकणाला आंबटाची वाफ गंजवते. बरणी फ्रिजमध्ये जाऊ द्या आणि निदान तीन दिवस उघडू नका. धीर लागतो तो इथं. पहिल्या दिवशीचा कडसरपणा या तीन दिवसांत बराच मावळतो. केल्या केल्या चाखून ‘बिघडलं’ म्हणत टाकून देणारे लोक मी पाहिले आहेत.

चव जुळवणं

अजून तिखट वाटतंय? पुन्हा पातेल्यात घालून पाच-सात मिनिटं बारीक आचेवर ठेवा. फारच मवाळ झालं? मग चमचाभर डाळीची ताजी पूड गार पाण्यात पंधरा मिनिटं भिजवून वरून कालवा, शिजवायची नाही. आंबट जास्त झालं तर गूळ. कडू असेल तर आधी दोन दिवस थांबा आणि मग गुळाकडं जा. पाणी सुटलं तर नुसतं ढवळून घ्या.

झोंबरं मस्टर्ड आवडणाऱ्यांनी शिजवण्याचा टप्पा सोडावा: गार पाण्यात पंधरा मिनिटं, मग थेट व्हिनेगर आणि मीठ, आणि बरणी फ्रिजमध्ये. हे झालं जहाल मस्टर्ड, आजच्या लेखाचा विषय नव्हे.

फ्रिजमध्ये, कोरडा चमचा वापरून, महिना-दीड महिना सहज राहतं. बुरशी दिसली किंवा आंबूस फसफस जाणवली तर पूर्ण बरणी टाकायची, वरचा थर काढून खायचं नाही. आणखी एक: मोहरीची ॲलर्जी काहींना असते. युरोपात पाकिटावर तिचा उल्लेख सक्तीचा आहे. लहान मुलांना पहिल्यांदा देताना थोडंच द्या.

स्वयंपाकात कुठं

मस्टर्डचा खरा उपयोग भजी बुडवून खाण्यात नाही, तेल आणि आंबट यांना एकत्र बांधण्यात आहे. लिंबाचा रस आणि तेल नुसतं फेटलं तर मिनिटाभरात फारकत होते. मधे चमचाभर मस्टर्ड असेल तर त्यातली प्रथिनं आणि बारीक कण तेलाचे थेंब धरून ठेवतात. वाटीत एक चहाचा चमचा मस्टर्ड, एक मोठा चमचा लिंबाचा रस आणि चिमूट मीठ फेटा. मग तीन मोठे चमचे घाण्याचं शेंगतेल, आधी थेंब थेंब आणि नंतर बारीक धारेनं, घालत फेटत राहा. दुधाळ, दाटसर मिश्रण होईल. काकडी, गाजर, कोबी, मोड आलेली वाफवलेली मटकी, यावर ते पानात वाढायच्या वेळी घालायचं. आधी घातलं तर मिठानं भाज्यांना पाणी सुटतं आणि तळाशी रस्सा जमतो.

बटाट्याचं गणित उलटं. अर्धा किलो बटाटे उकडून, सोलून, फोडी गरम असतानाच वरचं मिश्रण त्यावर ओता, गरम बटाटा ते पिऊन घेतो. पूर्ण निवल्यावर दोन मोठे चमचे चक्का, बारीक कांदा आणि कोथिंबीर. उपवासाचं नव्हे, पण डब्याला उत्तम.

कृष्णाकाठच्या वांग्याचं दह्यातलं भरीत आपण करतोच. काही घरांत त्यात फेसलेली मोहरी घालायची रीत आहे आणि ज्यांना ती नाकात चढते ते लोक नेमकं तेच भरीत टाळतात. त्यांच्यासाठी फेसलेल्या मोहरीच्या जागी एक चमचा हे मस्टर्ड घाला. काकडीच्या, केळ्याच्या रायत्यालाही तेच. मस्टर्डमध्ये आंबट आधीच आहे, म्हणून दही गोड घ्या.

काकवीचा लेप हा माझा आवडता वापर. दोन मोठे चमचे मस्टर्ड, एक मोठा चमचा काकवी, चमचाभर तेल, अर्धा चमचा कांदा-लसूण मसाला. पनीरच्या जाड कापांना, रताळ्याच्या चकत्यांना किंवा कोंबडीच्या तंगड्यांना लावायचा. महाबळेश्वरचा मध घातला तर जास्त सुवासिक, पण काकवीची किंचित खारट गोडी कांदा-लसूण मसाल्याशी छान जमते. लेप शेवटच्या पाच मिनिटांतच लावा, तवा असो वा ओव्हन. आधी लावला की साखर करपते आणि आतलं कच्चं राहतं. कोंबडी आधी मुरवायची असेल तर अर्ध्या किलोला १०० ग्रॅम दही आणि दोन चमचे मस्टर्ड लावून दोन तास फ्रिजमध्ये ठेवा. गोड काही नको. म्युनिकचे लोक गोड मस्टर्ड पांढऱ्या सॉसेजबरोबर खातात. आपल्याकडं त्याची जागा ही काकवीची तंगडी सहज घेईल.

सहा उकडलेल्या अंड्यांचे बलक एक चमचा मस्टर्ड, दोन मोठे चमचे चक्का, मीठ आणि मिरपूड घालून मळा आणि परत पांढऱ्यात भरा. मुलांच्या सँडविचला ५० ग्रॅम मऊ लोण्यात दोन चमचे मस्टर्ड फेटून ठेवा. हेच लोणी भाजलेल्या मक्याच्या कणसावर लिंबूतिखटाच्या जागी एकदा लावून बघा. फ्लॉवर किंवा मक्याच्या व्हाइट सॉसमध्ये, दोन कप सॉसला एक चमचा, गॅस बंद केल्यावर ढवळायचं. आचेवर ठेवलंत तर उरलासुरला झणकाही जातो आणि नुसतं आंबट तेवढं मागं राहतं.

कुठं घालायचं नाही तेही सांगते. फोडणीत नाही, तडतडून अंगावर उडतं आणि करपतं. आमटी-रश्शात नाही, इतक्या मसाल्यात त्याचा पत्ताच लागत नाही. आणि भडंगाला तर मुळीच नाही. मस्टर्डच्या ओलीनं मुरमुरे मऊ पडतात आणि सांगलीत मऊ भडंग वाढायचं धाडस माझ्यात नाही.

बरणी संपत आली की काठाला आणि तळाला चिकटलेलं चमच्यानं निघत नाही. त्यातच लिंबू पिळा, मीठ आणि तेल घाला, झाकण घट्ट लावून जोरात हलवा. त्या दिवसाच्या कोशिंबिरीचं काम तिथंच झालं, बरणी मग धुवायला टाका.